सिप्रीची तार

मालवण
१२ ऑगस्ट २०२५

आदरणीय दाजीकाका यांस,
सेलेस्तीन लोबोचा नमस्कार.

मी सिप्रियन लोबोंची मुलगी. पप्पा २९ जुलैला गेले, हे माझा भाऊ शेल्डन याने मस्कतहून तुमच्या घरी फोन करून सांगितलं होतं. तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून निरोप तुमच्या नातीने घेतला. माझं काम फोनवर होण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. तुमचा पत्ता पप्पांच्या वहीत पहिल्याच पानावर होता.

पप्पा एकोणनव्वद वर्षांचे होते. फार हाल झाले नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंथरुणाला खिळले आणि हळूहळू जेवणं सोडलं.

३० ऑगस्टला चर्चमध्ये त्यांच्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा आहे. फादर म्हणाले, तू शिक्षिका होतीस, वडिलांविषयी दोन पानं लिहून वाच. मी लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की १९७४ नंतरचे पप्पा मला ठाऊक आहेत: धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे, मांय लकव्याने पडल्यावर अकरा वर्षं तिला भरवणारे, तिची वेणी घालणारे. पण नेव्हीतल्या वीस वर्षांबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. त्यांतली नऊ वर्षं तुम्ही एका बोटीवर होतात. काही आठवत असेल तर कळवा.

आणखी एक विचारते, राग मानू नका. काजूच्या दिवसांत पप्पा दरवर्षी एसटीने दोडामार्गला तुमच्याकडे यायचे, चार दिवस राहायचे. तुम्ही मात्र आमच्याकडे कधीच आला नाहीत. असं का?

तुमची,
सेलेस्तीन


दोडामार्ग
१८ ऑगस्ट २०२५

चि. सेलेस्तीन हिला दाजीकाकाचे आशीर्वाद.

माझा हात थरथरतो, म्हणून मी सांगतोय आणि नात गौरजा लिहितेय. ती रोज म्हापशाला कामाला जाते, आज सुट्टी आहे.

सिप्री गेल्याचं ऐकलं त्या दिवशी मी बागेत जाऊन बसलो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बोटीवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आठ दिवस उलट्या करत होतो. हा इंजिनरूममधून वर यायचा, अंगभर तेल, आणि मला म्हणायचा, "दाजी, समुद्राकडे बघू नको, माझ्याकडे बघ." त्याच्या तोंडाकडे बघत मी भात गिळायला शिकलो.

इंजिनाला कान लावून तो सांगायचा कुठे दुखतंय ते. मोठे साहेबही त्याला विचारून पुढे जायचे. दारू पीत नव्हता. बंदराला लागलो की बाकीची पोरं गावात जायची, हा पत्र लिहायला बसायचा. तुझ्या आईला लांबलचक पत्रं लिहायचा आणि तुम्हां पोरांना वेगळं एकेक पान. हे सगळं मिस्सेत सांग. माणूस सोन्यासारखा होता.

मी मालवणला आलो नाही त्याला कारण असं काही नाही. बागायत, गुरं, म्हाताऱ्या आईचं दुखणं. राहून गेलं.

तुझा,
दाजीकाका

(ताई, मी गौरजा. आजोबा "राहून गेलं" म्हणाले आणि उठून आत गेले. अजून बाहेर आले नाहीत. म्हणून इथेच थांबवते.)


मालवण
२३ ऑगस्ट २०२५

आदरणीय दाजीकाका,

पत्र मिळालं. पप्पांनी तुम्हांला भात गिळायला शिकवलं, हे वाचून मला रडू आलं. त्यानंतर राग आला. तो का ते सांगते, कारण मिस्सेला आठवडा उरलाय आणि माझा कागद अजून कोरा आहे.

१९७१च्या डिसेंबरात माझा भाऊ प्रिन्स पाच वर्षांचा होता, मी आठ. युद्ध सुरू होतं, आम्ही संध्याकाळी खिडक्यांना काळे कागद लावायचो. प्रिन्सला ताप आला. डॉक्टर म्हणाले विषमज्वर आहे, बापाला बोलवा. मामाने ६ डिसेंबरला तार केली. मी मामाबरोबर पोस्टात गेले होते.

प्रिन्स त्यानंतर आठ दिवस जगला. एसटीचा आवाज आला की विचारायचा, "पप्पा खंयसर इले?" मांय म्हणायची, "पणजेक इले." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "बांद्याक इले." मग सावंतवाडी, मग कुडाळ. कुडाळच्या पुढे तिला नेता आलं नाही. १४ तारखेला सकाळी तो गेला.

पप्पा २१ला आले. म्हणाले, तार मिळाली, पण रजा मिळाली नाही. आम्ही विश्वास ठेवला असता. पण तुमच्याच बोटीवरचा वेंगुर्ल्याचा शिवा तांडेल, त्याची आई आजारी म्हणून तार गेली आणि तो ९ तारखेला घरी आला होता. मामा मुद्दाम वेंगुर्ल्याला जाऊन त्याला भेटला. शिवा म्हणाला, "सिप्री? बरो आसा. हसता, गाणी म्हणता."

ते वाक्य आमच्या घरात राहिलं. मांय पप्पांशी गरजेपुरतं बोलायची. लकव्याने पडल्यावर एकदा ते तिची वेणी घालत होते, तेव्हा तिने तुटक तुटक म्हटलं, "तेव्हा येवक नाय. आता बसान काय करतंस?" पप्पांनी वेणी पुरी केली. मी दारात उभी होते आणि मला तिचंच बरोबर वाटलं. मी लग्न केलं नाही, जन्मभर त्याच घरात राहिले, त्यांचं सगळं केलं. पण त्यांच्याशी बोलले ते मांयसारखंच, गरजेपुरतं.

आता मी लोकांसमोर उभी राहून काय वाचू? तुम्ही तिथे होतात. मला एवढंच सांगा. तार पोचली होती का? पप्पांनी रजा मागितली होती का?

सेलेस्तीन


दोडामार्ग
१ सप्टेंबर २०२५

चि. सेलेस्तीन,

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितोय. अक्षर लागेल तसं लावून घे. घरात गणपती आहेत, गौरजा आरतीच्या तयारीत आहे. तिला हे सांगून लिहवून घेणं मला जमणार नाही. तीन दिवस लिहितोय. तुझी मिस्सा होऊन गेली असेल, हे मला कळतं.

तार पोचली होती. सिप्रीला मिळाली नाही.

बोटीची टपालाची पिशवी माझ्याकडे असे. ७ डिसेंबरला आम्ही तेल भरायला मुंबईत आलो, संध्याकाळी परत निघायचं होतं. मी पिशवी आणायला गेलो. दोन तारा होत्या. एक शिवाची, एक सिप्रीची. वाचायच्या नसतात, पण मी वाचल्या. सिप्रीच्या तारेत होतं, "प्रिन्स गंभीर. ताबडतोब या."

शिवाची तार मी साहेबांना नेऊन दिली. त्यांनी शिवाला उतरवलं आणि म्हणाले, आता आणखी माणूस सोडणं कठीण आहे. मी बाहेर आलो. सिप्रीची तार माझ्या खिशात होती. मी विचार केला, इंजिनरूममधल्या माणसाला तर रजा मिळायचीच नाही. मग हे वाचून तो खाली त्या उकाड्यात दिवस कसे काढील? पोर बरंही होईल. परत बंदराला लागलो की देऊ. असा विचार करून मी ती खिशातच ठेवली.

अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत सिप्री खुशीत होता. नाताळला घरी जायला मिळेल अशी त्याला आशा होती. प्रिन्सला या खेपेला पोहायला शिकवणार, मालवणातल्या राजकोट किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात, असं मला रोज सांगायचा. पोराच्या पोटाखाली हात कसा धरायचा ते मला करून दाखवायचा. गाणी म्हणायचा. शिवा तुझ्या मामाला जे बोलला त्यात खोटं काही नव्हतं. शिवाला तारेचं ठाऊक नव्हतं आणि सिप्रीलाही नव्हतं.

१८ला परत आलो. पिशवीत दुसरी तार होती, प्रिन्स गेल्याची. त्या दिवशी मी दोन्ही तारा त्याच्या हातात दिल्या. त्याने तारखा बघितल्या.

"ही कधी इली?"

"सात तारखेक."

तो लोखंडी शिडीवर बसला. मी म्हटलं, मला मार. त्याने मारलं नाही. दोन्ही तारांची घडी घातली आणि म्हणाला, "घराक जावन सांगतलंय, तार गावली, रजा गावाक नाय."

तुझा मामा कसा होता ते तुला ठाऊक आहे. तार पोचली नाही असं कळतं तर तो पोस्टात जाऊन बसला असता, चौकशी झाली असती, आणि ती माझ्यापर्यंत आली असती. लढाईच्या काळात दुसऱ्याची तार दाबली म्हणून मी तुरुंगात गेलो असतो. माझ्या मागे घरात चार बहिणी होत्या. सिप्रीला ते माहीत होतं.

१९७६ला मी नेव्ही सोडली. मग मला भीती कसली होती? काही नाही. त्याला दोनदा म्हटलं, वैनीला येऊन सांगतो. तो म्हणाला, "आता कशाक? तिका जरा झोप लागाक लागली हा." मला ते ऐकायला सोपं गेलं. मी मालवणला आलो नाही ते याच्यामुळे. तुझ्या आईसमोर उभं राहायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

दाजी


दोडामार्ग
२४ सप्टेंबर २०२५

सेलेस्तीनताई,

मी गौरजा. आजोबांनी तुम्हांला स्वतः लिहिलेलं पत्र मीच पेटीत टाकलं होतं, त्यात काय होतं ते मला माहीत नाही. तेव्हापासून ते दुपारी फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. पोस्टमन गेला की आत येतात. जेवण कमी झालंय. विचारलं तर म्हणतात, "तिका येळ लागतलो."

तुम्हांला त्रास द्यायचा नाही, पण दोन ओळी लिहिल्यात तर बरं होईल. रागाच्या असल्या तरी चालतील.

गौरजा


मालवण
१ ऑक्टोबर २०२५

दाजीकाका,

तुमचं पत्र मिस्सेनंतर सहा दिवसांनी आलं. मिस्सेत मी चार वाक्यं वाचली. जन्म, नोकरी, लग्न, मृत्यू. लोकांना वाटलं मला बोलवत नाही.

महिनाभर मी उत्तर दिलं नाही, कारण रोज वेगळं उत्तर सुचत होतं. आता जे लिहितेय ते खोडणार नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पप्पा शुद्धीवर होते तेव्हा, मी त्यांना विचारलं. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, "पप्पा, तेव्हा तू कशाक येवक नाय?" मांय गेलेली होती, मामा गेलेला होता, शिवा तांडेलही गेलेला. त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. ते म्हणाले, "रजा गावाक नाय, बाय."

मी उठून बाहेर गेले. मला वाटलं, मरतानाही हा माणूस खोटं बोलतोय. आणि ते खोटंच बोलत होते. ते खोटं कोणासाठी होतं, ते मला आता कळलं. त्यानंतर चार दिवस मी खोलीत औषध द्यायला जात होते, पण बसले नाही. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले. मी स्वयंपाकघरात होते.

तुमच्याकडे ते चार दिवस जेवायचे, हसायचे. आमच्याकडे ते पन्नास वर्षं एकटे जेवायचे. मी ताट वाढून शाळेच्या वह्या तपासायला बसायचे. हे तुम्हांला ठाऊक होतं का?

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. शिवाची तार तुम्ही साहेबांना दिलीत. पप्पांची तार घेऊन तुम्ही विचारलं होतं का? "कठीण आहे" म्हणजे "नाही" नव्हे. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलंय.

सेलेस्तीन


दोडामार्ग
७ ऑक्टोबर २०२५

चि. सेलेस्तीन,

विचारलं नव्हतं.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं, की सिप्रीला त्रास होऊ नये म्हणून तार ठेवली. हे मी स्वतःलाही इतकी वर्षं सांगत आलो. खरं असं आहे, की मी घाबरलो होतो. शत्रूची पाणबुडी आसपास आहे असं सगळे बोलत होते. माझी झोपायची जागा इंजिनरूमच्या वर होती. खाली सिप्री आहे, इंजिन त्याच्या हातात आहे, म्हटलं की मला डोळा लागायचा. तो उतरला तर आपण बुडणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. त्याला कदाचित सोडलं असतं. न विचारता मी त्याला ठेवून घेतला, माझ्यासाठी.

हे मी सिप्रीला कधी सांगितलं नाही. पण एकदा बागेत काजू वेचताना तो म्हणाला, "दाजी, तुका भय वाटलेला मां?" मी मान खाली घातली. तो वेचत राहिला. म्हणजे त्याला माहीत होतं.

तो तुमच्याकडे एकटा जेवायचा, हे मला ठाऊक नव्हतं. इथे तो तुमचंच बोलायचा.

माफी मागत नाही. मागायची तर ज्यांची मागायची ती माणसं उरली नाहीत.

दाजी


मालवण
१३ ऑक्टोबर २०२५

दाजीकाका,

मी तुम्हांला माफ केलंय असं समजू नका. ते होईल की नाही, मला माहीत नाही. पण तुम्ही खरं लिहिलंत.

२ नोव्हेंबरला आमचा मृतांचा दिवस असतो. आम्ही कबरी साफ करतो, फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो. पप्पा, मांय आणि प्रिन्स तिघंही एकाच ओळीत आहेत. तुम्ही या. मांयला आणि प्रिन्सला जे सांगायचं ते मी सांगून भागणार नाही. ते तुम्हीच सांगायला हवं.

दुपारी जेवायला घरी या. गौरजाला घेऊन गाडीने या, एसटीने येणं तुम्हांला झेपणार नाही.

सेलेस्तीन


मालवण
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय गौरजा,

तू विचारलंस, आजोबांनी तुला दफनभूमीच्या फाटकाबाहेर थांबवलं तेव्हा आत काय झालं, आणि परत जाताना ते गाडीत रडत का होते. जेवणानंतर तू गाडी वळवायला गेलीस तेव्हा ते मला म्हणाले, "गौरजाक तू सांग. माझ्या तोंडान जमाचा नाय." म्हणून त्यांच्या परवानगीने लिहितेय. सोबत त्यांची दोन पत्रं पाठवतेय. आधी ती वाच.

वाचलीस? आता पुढचं.

दफनभूमीत गर्दी होती. तुझ्या आजोबांनी वहाणा बाहेर काढल्या, मी नको म्हटलं तरी. मांयच्या कबरीपाशी ते काठी टेकून उभे राहिले. मला वाटलं मनात बोलतील. पण ते मोठ्याने बोलले, त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून असेल. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. ते म्हणाले, "वैनी, मी दाजी. तार माझ्या खिशात होती. सिप्रीक कळाक नाय. कळला असता तर तो दर्यातसून पवत इलो असतो." मग पुन्हा म्हणाले, "पवत इलो असतो."

मग ते प्रिन्सच्या कबरीपाशी गेले. दगडावर त्याचं वय कोरलेलं आहे, पाच. ते त्या आकड्यावर बोट ठेवून वाकले आणि तसेच राहिले. मी त्यांना धरून उठवलं. मला त्यांना धरावंसं वाटेल असं वाटलं नव्हतं. पण म्हातारा माणूस पडत होता, मी धरलं.

पप्पांची माती अजून बसलेली नाही. तिथे ते खाली बसले आणि मला म्हणाले, "तू जा गो, मी बसतंय जरा." मी जरा लांब उभी राहिले. ते त्यांच्याशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

घरी मी सांदणं आणि सुंगटांची कढी केली होती, ती तूही खाल्लीस. तू हात धुवायला उठलीस तेव्हा आजोबा म्हणाले, "सिप्री सांगायचो, माझ्या बायच्या हातची सांदणां खंयच गावाची नाय." मला हे पप्पांनी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी मान तरी वर केली असती का, मला माहीत नाही.

तू आजोबांवर रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. मीही रागावलेय. पण त्यांना जेवायला एकटं वाढू नकोस. समोर बस. एवढं माझ्यासाठी कर.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, एकटीच. आदल्या दिवशीच्या मेणबत्त्यांचं मेण साफ करायचं होतं. पप्पांपाशी बसले. शेवटच्या चार दिवसांत बसले नव्हते तशी बसले. काय बोलायचं ते सुचेना, कारण आम्हांला बोलायची सवयच नव्हती. मग म्हटलं, "पप्पा, तुका तार गावलीच नव्हती. माका कळला."

समुद्रावरून वारा येत होता. मी मेण खरवडून पिशवीत भरलं, कबरीवरची सुकलेली झेंडूची फुलं काढली, आणि ऊन चढेपर्यंत तिथेच बसून राहिले.

तुझी,
सेलेस्तीनताई